शंभर माईक आणि एक धोटा

जयंतीला भोंगा बांधता बांधता आपली पोरं मोठी होतात. माईक आपल्याला नवा नाही. पण शिल्पा गुप्ता या मुंबईच्या कलावंत बाईनं माईकच उलटा जोडला. आपण बोलायचं नाही, माईकनं बोलायचं. अंधारात शंभर माईक टांगलेले, प्रत्येकाखाली लोखंडी सळई, सळईच्या टोकात खुपसलेला कागद, कागदावर कवितेच्या ओळी. शंभर कवी. लिहिलं म्हणून, बोलले म्हणून तुरुंगात गेलेले. काही मारलेही गेले. एक माईक बोलतो, बाकीचे त्याच्यामागं म्हणतात. जलशातले झीलकरी उचलून धरतात ना, तसंच. कामाचं नाव नसीमी या चौदाव्या शतकातल्या अझरबैजानी कवीच्या ओळीवरून आलंय. त्याला अलेप्पोत जिवंत सोलला म्हणतात.

२०१८ च्या डिसेंबरात हे काम कोचीच्या अ‍ॅस्पिनवॉल हाऊसमध्ये लागलं. तिथंच मी ऐकलं. १८६७ साली सुरू झालेल्या इंग्रज पेढीचं हे आवार. खोबरेल, मिरी, सुंठ, काथ्या इथून जहाजावर चढायचा. २०१९ ला हेच काम व्हेनिसच्या आर्सेनालेत, म्हणजे जुन्या जहाजकारखान्यात गेलं. माल संपला, कविता आली. वाईट काय त्यात? काहीच नाही. पण कवींचे आवाज ऐकताना माझं ध्यान भिंतीकडं जाई. मिरीची पोती ज्यांच्या पाठीवरून गेली त्यांचा माईक कुठला?

आपल्याकडं या. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त, आणि तिथंच आपल्या माणसाला मज्जाव. का, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावील? लाल बावट्याखाली सगळे मजूर एक, धोट्यापाशी मात्र जात वेगळी. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हे उघड मांडलं, तेव्हा कुठं पुढाऱ्यांना मागण्यांत ते घ्यावं लागलं, तेही नाखुशीनं.

याच गिरणगावात अण्णा भाऊ साठे राबले, नारायण सुर्वे राबले. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि मग एकेक भोंगा कायमचा बंद झाला. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीचा मॉल झाला. चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला.

माझं म्हणणं एवढंच. उद्या एखाद्या गिरणीत असे माईक टांगलेच, तर पहिला माईक विणकाम खात्याच्या दारात लावा. आत नको, दारात. आपला माणूस तिथंच थांबवला होता.