डासवाहित व्हायरसांच्या प्रतिपिंड परीक्षा

डासांच्या दंशाने पसरणाऱ्या व्हायरसांचा संसर्ग झाल्यावर शरीरात त्यांच्याविरुद्ध निर्माण होणारी विशिष्ट प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तरसात शोधून रोगनिदान करण्याच्या पद्धती. डेंग्यू, चिकुनगुन्या, जपानी मस्तिष्कशोथ, पश्चिम नाईल ज्वर, झिका इ. रोगांसाठी त्या वापरतात. यांतील बहुतेक व्हायरस रक्तात थोडेच दिवस राहतात. प्रतिपिंडे मात्र आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात व पुष्कळ काळ टिकतात. त्यामुळे उशिरा आलेल्या रुग्णाच्या बाबतीत बहुधा याच परीक्षांचा आधार उरतो.

परीक्षेच्या अचूकतेची दोन अंगे आहेत. संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना ती ओळखते, ही तिची संवेदनशीलता. संसर्ग न झालेल्यांपैकी किती जणांना ती योग्य रीतीने वगळते, ही तिची विशिष्टता. पहिल्या अंगात झपाट्याने प्रगती झाली. दुसऱ्या अंगाने मात्र नवा व्हायरस उद्भवला की प्रत्येक वेळी अडचण निर्माण केली.

प्रारंभ : माक्स टायलर यांनी १९३० मध्ये पीतज्वराचा व्हायरस उंदरांच्या मेंदूत वाढविता येतो, असे दाखविले. त्यावरून उंदीर-संरक्षण परीक्षा विकसित झाली. तीत व्हायरस व तपासावयाचा रक्तरस एकत्र करून उंदरांना टोचतात. उंदीर जगले, तर रक्तरसात व्हायरस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आहेत असे समजतात.

याच तत्त्वावर पुणे येथील व्हायरस संशोधन केंद्राने भारतात पाहणी केली. हे केंद्र (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने स्थापन झाले. स्मिथबर्न, कर व गटणे यांनी या पाहणीचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. १९४७ मध्ये युगांडातील झिका अरण्यातील एका माकडात सापडलेल्या व्हायरसाविरुद्ध तपासलेल्या १९६ व्यक्तींपैकी ३३ जणांच्या रक्तरसात प्रतिपिंडे आढळली. यावरून झिका भारतात पूर्वीपासून आहे, असा अर्थ पुढे अनेकांनी लावला. तथापि येथे डेंग्यू सर्वत्र होता आणि डेंग्यूची प्रतिपिंडेही झिका व्हायरसाला काही अंशी निष्प्रभ करू शकतात. भारतातील रुग्णांत प्रत्यक्ष झिका व्हायरस आढळल्याची माहिती २०१७ मध्ये अहमदाबादसंबंधी जाहीर झाली. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर येथे आढळला. १९५४ च्या आकड्यांचा अर्थ त्यामुळे आजही निःसंदिग्धपणे लावता येत नाही.

प्रतिपिंडांची परस्परक्रिया : हे व्हायरस तांबड्या रक्तकोशिकांचे समूहन घडवितात व प्रतिपिंडे ते रोखतात. जॉर्डी कसाल्स यांनी १९५० नंतरच्या दशकात या गुणधर्माच्या साहाय्याने व्हायरसांचे गट पाडले. अ गटात चिकुनगुन्या, तर ब गटात पीतज्वर, डेंग्यू, जपानी मस्तिष्कशोथ, पश्चिम नाईल व झिका हे व्हायरस येतात. एका गटातील व्हायरसांची प्रथिने परस्परांशी मिळतीजुळती असल्याने एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याशीही बद्ध होतात. ज्या गुणधर्मामुळे हे वर्गीकरण शक्य झाले, तोच निदानात बाधक ठरला. पूर्वी एका व्हायरसाचा संसर्ग झालेल्या किंवा पीतज्वराची लस टोचून घेतलेल्या व्यक्तीला त्याच गटातील दुसऱ्या व्हायरसाचा संसर्ग झाल्यास शरीर जुन्या व्हायरसाविरुद्धची प्रतिपिंडेही वेगाने निर्माण करते व निष्कर्ष अधिकच संदिग्ध होतो.

एलायझा पद्धती : एंझाइमाच्या साहाय्याने रंग उत्पन्न करून प्रतिपिंडे ओळखणारी ही पद्धती १९७१ मध्ये स्वीडनमधील एंगव्हाल व पर्लमान यांनी मांडली. संसर्गानंतर प्रथम निर्माण होणारी ‘एम’ वर्गाची प्रतिपिंडे पकडणारा तिचा प्रकार १९८० नंतरच्या दशकात जपानी मस्तिष्कशोथ व डेंग्यू यांच्या निदानात रूढ झाला. एकाच नमुन्यावरून काही तासांत उत्तर मिळू लागले.

या पद्धतीची मर्यादा १९९९ मध्ये न्यूयॉर्क येथे उघड झाली. ऑगस्टमध्ये तेथे मस्तिष्कशोथाचे रुग्ण आढळले. अमेरिकेत आधीपासून असलेल्या सेंट लुइस मस्तिष्कशोथाविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्यात मिळाली व सप्टेंबरच्या प्रारंभी तसे निदान जाहीर झाले. त्याच काळात शहरात कावळे व प्राणिसंग्रहालयातील पक्षी मरत होते. सेंट लुइस व्हायरसाने पक्षी सहसा मरत नाहीत. पक्ष्यांतून मिळविलेल्या व्हायरसाच्या जननिक तपासणीवरून तो पश्चिम नाईल व्हायरस असल्याचे त्याच महिन्याच्या अखेरीस सिद्ध झाले. पश्चिम गोलार्धात तो यापूर्वी आढळला नसल्यामुळे तेथील नेहमीच्या तपासणीत त्याचा समावेश नव्हता. डासनिर्मूलनाचा उपाय दोन्ही रोगांना सारखाच असल्याने चुकीच्या निदानाची झळ कमी बसली, इतकेच. २००७ मध्ये पॅसिफिकमधील याप बेटावरील झिकाची साथही प्रथम डेंग्यूची वाटली होती, कारण काही रुग्णांची डेंग्यूची प्रतिपिंड परीक्षा होकारार्थी आली होती.

निष्कर्षाचा अर्थ : होकारार्थी निष्कर्ष कितपत विश्वसनीय आहे, हे रोगाच्या प्रसारावरही अवलंबून असते. समजा, १,००० व्यक्तींपैकी १० जणांना संसर्ग झाला आहे आणि परीक्षेची संवेदनशीलता ९०%, तर विशिष्टता ९५% आहे. अशा वेळी ९ निष्कर्ष खरे होकारार्थी येतील, पण उरलेल्या ९९० जणांपैकी सु. ५० जणांचे निष्कर्ष चुकीने होकारार्थी येतील. ब्राझीलमधील २०१५-१६ च्या साथीत झिकामुळे गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते असे दिसून आल्यावर गर्भवती स्त्रियांच्या दृष्टीने हा प्रश्न अत्यंत गंभीर झाला. केवळ ‘एम’ प्रतिपिंडांच्या निष्कर्षावर निर्णय घेऊ नये, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दिली.

सद्यस्थिती : आजाराच्या पहिल्या आठवड्यात व्हायरसाचे जननिक द्रव्य शोधणे श्रेयस्कर मानतात. त्यानंतर प्रथम एलायझा व तिच्या खातरजमेसाठी कोशिकासंवर्धनात व्हायरसाने पाडलेल्या चट्ट्यांची घट मोजणारी निष्प्रभावन परीक्षा करतात. ही परीक्षा अधिक विशिष्ट आहे. मात्र तिला जिवंत व्हायरस, कुशल तंत्रज्ञ व कित्येक दिवस लागतात. सु. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वा अधिक वाढल्यास संसर्ग अलीकडील असल्याचे समजते. ‘एम’ प्रतिपिंडे कधीकधी अनेक महिने टिकत असल्याने केवळ त्यांच्या अस्तित्वावरून तसे म्हणता येत नाही. एकाहून अधिक व्हायरस सारख्याच प्रमाणात निष्प्रभ झाल्यास कोणत्याही एकाचे नाव न देता संसर्ग त्या गटातील व्हायरसाचा आहे, एवढाच निष्कर्ष प्रयोगशाळा नोंदविते.