दूरच्या डॉक्टरला दुखणं सांगताना

२५ मार्च २०२० ही तारीख टाळेबंदीचा पहिला दिवस म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली, ही बातमी मात्र त्या गदारोळात फारशी कुणी वाचली नसेल. मला तिचं महत्त्व उशिरा कळलं, तेही तिरुनीलक्कुडीत. कुंभकोणमच्या पूर्वेला, आडुतुरैजवळचं हे गाव माझं सासर. तंजावरच्या मराठी घराण्यांपैकी हे एक घर. उंबऱ्याच्या आत आपली जुनी मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. टाळेबंदी लागली तेव्हा मी तिथेच होते आणि पुढे काही महिने तिथेच राहिले.

दूरवरून वैद्यकीय सल्ला ही गोष्ट तेव्हा काही नवी नव्हती. आंध्रातल्या अरगोंडा गावात २००० सालीच अपोलोचं टेलिमेडिसिन केंद्र सुरू झालं होतं. मग इस्रोने उपग्रहाच्या मदतीने दूरच्या रुग्णालयांना शहरांशी जोडलं. यंत्रं होती, तारा होत्या. नव्हती ती कायद्याची स्पष्टता. रत्नागिरीतल्या एका प्रकरणात डॉक्टर गावात नसताना फोनवरच्या सूचनांवर उपचार झाले, रुग्ण दगावली आणि २०१८ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्या आदेशाचा अर्थ पुष्कळ डॉक्टरांनी एवढाच घेतला की फोनवर औषध सांगणं म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणजे फोनवर विचारून गोळी घेण्याची आपली जुनी, घरगुती सवय चालूच होती, पण चोरून.

मार्चमधल्या त्या दस्तऐवजाने ही चोरी संपवली. व्हिडिओ, आवाज आणि लिखित निरोप असे तिन्ही मार्ग मान्य झाले. रुग्णाने स्वतःहून संपर्क साधला तर त्यातच त्याची संमती गृहीत धरली गेली. औषधांच्या याद्या ठरल्या: कुठलं औषध नुसत्या फोनवर देता येईल, कुठल्यासाठी पहिल्या भेटीत रुग्णाला व्हिडिओवर पाहिलंच पाहिजे, कुठलं अजिबात द्यायचं नाही. १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली आणि घरबसल्या सरकारी डॉक्टरशी बोलता येऊ लागलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ई-संजीवनीवरचे सल्ले दीड लाखांवर गेले तेव्हा तमिळनाडू सगळ्यांत पुढे होता, बत्तीस हजारांच्या वर. महाराष्ट्र सव्वातीन हजारांच्या आसपास. पुण्यातल्या मैत्रिणीला मी हे आकडे सांगितले तेव्हा तिला ते उलटे लिहिलेत असंच वाटलं.

तिरुनीलक्कुडीचा देव नीलकंठ. विषाचा दाह शमावा म्हणून त्याला तेलाचा अभिषेक होतो आणि ओतलेलं तेल पिंडीत जिरून जातं, अशी श्रद्धा आहे. त्या दिवसांत देऊळ बंद होतं आणि कुंभकोणमचा सरकारी दवाखाना सासूबाईंच्या लेखी फार दूर गेला होता. रक्तदाबाची गोळी चालू, आणि त्यात त्यांना ‘मयक्कम’ येऊ लागलं.

आता हा शब्द. तमिळमध्ये मयक्कम म्हणजे चक्कर, मयक्कम म्हणजे शुद्ध हरपणं, आणि मयक्कम म्हणजे नशा, भूल, मोहसुद्धा. सिनेमातल्या प्रेमिकांनाही मयक्कम येतं. मराठीत आपण चक्कर, घेरी, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी असे वेगवेगळे डबे करून ठेवले आहेत, निदान शब्दकोशात तरी. कविता भाषांतरित करताना असा बहुअर्थी शब्द म्हणजे चैन असते. पण फोनच्या पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंना नेमकं एकच हवं होतं: खोली फिरते, की डोळ्यांपुढे काळोख येतो? पहिल्यात कानाचा दोष असू शकतो. दुसऱ्यात रक्तदाब खाली जात असेल, आणि मग गोळीच कमी करावी लागेल. समोर बसलेल्या रुग्णाला डॉक्टर उभं करतात, नाडी धरतात, शब्दांवाचून निम्मं कळतं. पडद्यावर देह नसतो, म्हणून सगळा भार शब्दावर येतो. सासूबाई मात्र प्रत्येक प्रश्नाला तेच सांगत राहिल्या. मयक्कम.

शेवटी गावची आरोग्यसेविका आली. तिने मराठी-तमिळ काही केलं नाही. “अम्मा, एकदा उठून उभ्या राहा बघू,” म्हणाली. बसलेल्या असताना रक्तदाब मोजला, उभं राहिल्यावर पुन्हा मोजला आणि दोन्ही आकडे फोनमध्ये सांगितले. मग स्वतःच्या शब्दांत: फिरत नाही, अंधारतं, आणि तेही फक्त उठताना. डॉक्टरीणबाईंनी गोळी निम्मी केली.

माझ्या मते पुढच्या काळात जे घडलं ते या तीन वाक्यांत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीच्या सल्ल्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला, पण त्यातले बहुतांश घरबसल्या एकटीने फोन धरून घेतलेले नव्हते. ते आरोग्य केंद्रातून झालेले होते, जिथे रुग्णाच्या शेजारी कर्मचारी बसते, मोजते, आणि दूरच्या डॉक्टरला रुग्णाचं दुखणं त्याच्या भाषेत कळवते. ही पद्धत साथीच्या आधी, २०१९ च्या नोव्हेंबरातच सुरू झाली होती. साथीने तिला गर्दी मिळवून दिली. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधली माणसं तंत्रज्ञान काढून टाकेल असं तेव्हा फार बोललं जायचं. झालं उलटं, मधला माणूस पक्का झाला. तमिळनाडूने तर २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजना आणली; शब्दशः, लोकांना शोधत येणारं वैद्यक. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं घरपोच. तेव्हापासून आरोग्यसेविकेच्या फेऱ्या आमच्या गल्लीत ठरलेल्याच झाल्या.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातली नेत्ररोग्यांची टिपणं आहेत, डोळ्यांच्या चित्रांसह. हा राजा १८३२ मध्ये गेला. त्याच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी चालत होतं, आणि दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, इंग्रजी अशी ये-जा असायची. दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या डोळ्याला काय झालं होतं, हे त्या कागदांवरून आज सांगता येतं.

सासूबाईंच्या त्या दिवसाची चिठ्ठी माझ्या फोनमध्ये आहे. इंग्रजीत निदान, औषधाचं नाव, मात्रा. मयक्कम हा शब्द तिच्यात नाही, आणि त्याचा अर्थ लावणाऱ्या आरोग्यसेविकेचं नावही नाही.