एम्परर अशोका: काळोखातलं खोटं क्षितिज

म्हैसूरहून तुमच्याशी बोलतोय. गेल्या वर्षी जूनमध्ये अहमदाबादला विमान कोसळलं, म्हणजे २०२५ साली, तेव्हा त्याच संध्याकाळी मला फोन सुरू झाले. "साहेब, चूक कोणाची? वैमानिकाची की कंपनीची?" मी पायदळातला माणूस, विमानातला नव्हे. तरी लोकांना वाटतं, वर्दी घातली होती म्हणजे याला माहीत असणार. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: थांबा. का थांबायचं, ते सांगायला आज आपल्या मुंबईची एक जुनी घटना सांगतो.

तारीख १ जानेवारी १९७८. मी तेव्हा कॉलेजात होतो. एअर इंडियाचं 'एम्परर अशोका' हे बोइंग ७४७ रात्री साडेआठनंतर सांताक्रूझहून दुबईला निघालं. एअर इंडियाच्या ताफ्यातलं हे पहिलं जम्बो जेट. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. उड्डाणाला दोन मिनिटंही झाली नसतील, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटरवर ते समुद्रात कोसळलं. २१३ पैकी कोणीही वाचलं नाही.

सुरुवातीला घातपाताची शंका आली, पण अवशेषांत स्फोटाच्या खुणा सापडल्या नाहीत. मग पाण्यातून काढलेल्या दोन्ही ब्लॅक बॉक्सनी गोष्ट सांगितली.

किनारा ओलांडल्यावर विमान उजवीकडे किंचित वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज सरळ झालं नाही. विमान कोणत्या बाजूला कललंय, नाक वर आहे की खाली, हे दाखवणारं हे यंत्र. ते उजवीकडे कललेलं तसंच अडकून राहिलं. कॅप्टनना वाटलं, विमान अजून उजवीकडे झुकलंय. म्हणून त्यांनी ते डावीकडे वळवलं. यंत्र हललं नाही, म्हणून आणखी डावीकडे. सरळ असलेलं विमान डाव्या अंगावर ९० अंशांच्याही पुढे कललं आणि खाली गेलं.

तुम्ही विचाराल, खिडकीतून दिसलं नाही का? इथेच खरी मेख आहे. मुंबईचे दिवे मागे राहिले होते. समोर अरबी समुद्र, त्यावर काळं आकाश. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, हे सांगणारी रेषाच नव्हती.

बरं, शरीराला कळलं नाही का? नाही कळत. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. वळण सावकाश असेल किंवा बराच वेळ चालू राहिलं, तर तो द्रव फसतो आणि आपण सरळच आहोत असं वाटतं.

याचा अनुभव मी जमिनीवर घेतलाय. लेफ्टनंट असताना राजस्थानच्या वाळवंटात रात्रीचा सराव होता. अमावस्या, चहूकडे वाळू. तासाभरानं माझी खात्री झाली की होकायंत्र बिघडलंय. मी दिशा बदलायचा हुकूम दिला. आमचे सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, "साहेब, माझं होकायंत्रपण तेच दाखवतंय. दोन होकायंत्रं एक सांगतायत, तुमचं मन तिसरं सांगतंय." मी हुकूम मागे घेतला. पहाटे आम्ही ठरल्या जागी पोचलो.

'अशोका'च्या कॉकपिटमध्येही असा माणूस होता. आपल्या यंत्राबद्दल कॅप्टननी शंका बोलून दाखवली. सहवैमानिकाच्या उत्तरावरून त्यांचंही यंत्र बिघडल्यासारखं वाटलं. पण मधोमध तिसरं, राखीव यंत्र होतं. फ्लाइट इंजिनिअरनी चूक ओळखली आणि त्या यंत्रावर जाऊ नका, असं बजावलं. पण मला मिळाली होती तशी पहाटेपर्यंतची मुदत त्यांच्याकडे नव्हती. होते ते काही सेकंद.

चौकशीचा निष्कर्ष असा: कॅप्टनचं यंत्र बिघडलं, त्यामुळे विमानाच्या स्थितीचं भान सुटलं, चुकीची वळणं दिली गेली, आणि बाकीच्या यंत्रांच्या आधारे चालकांना विमान सावरता आलं नाही. पुढे अमेरिकेत विमान आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला झाला. १९८५ साली तिथल्या न्यायालयानं त्यांच्यावरचा हलगर्जीपणाचा आरोप फेटाळला.

म्हणजे झालं, दोष वैमानिकाचा? प्रकरण मिटलं? तसं असतं तर पुढचं घडलं नसतं. २२ डिसेंबर १९९९ ला लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून कोरियन एअरचं मालवाहू ७४७ उडालं. तीच जात, तीच रात्र, कॅप्टनचं तेच यंत्र बिघडलेलं. विमान तसंच डावीकडे कललं आणि एका मिनिटाच्या आत पडलं. चौघेही गेले. यंत्रं जुळत नाहीत हे सांगणारा भोंगा वाजत होता. इंजिनिअर विमान कलतंय म्हणून ओरडत होता. ज्याचं यंत्र बरोबर होतं तो सहवैमानिक मात्र काहीच बोलला नाही. आणि तो बिघाड आधीच्या फेरीतच लक्षात आला होता. दुरुस्ती झाली, पण चुकीच्या जागी.

पहा, 'वैमानिकाची चूक' एवढंच म्हणून थांबलो, तर दुरुस्ती, भोंगा, वरिष्ठापुढे बोलण्याची सवय, हे सगळं तपासायचं राहून जातं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की अपघात तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही. आपल्याकडे त्यासाठी २०१२ पासून वेगळी तपास संस्था आहे.

पुढच्या वेळी टीव्हीवर संध्याकाळीच निकाल लागला, तर वांद्र्याचा तो काळा समुद्र आठवा. ज्यांच्या घरचं माणूस परत येत नाही, त्यांना पूर्ण उत्तर मिळायला हवं. तेवढा धीर आपण धरायला हवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.