जॅक गूल्ड यांची समीक्षा : एक ऐतिहासिक साधन

प्रयोग संपताच जी कलाकृती नाहीशी होते, तिचा इतिहास लिहावयाचा कसा? अमेरिकन दूरचित्रवाणीच्या आरंभकाळाच्या अभ्यासकास हा प्रश्न टाळता येत नाही. तेथील पुष्कळशी नाटके स्टुडिओत प्रयोग चालू असतानाच प्रक्षेपित होत. पडद्यावरून घेतलेल्या त्यांच्या फिल्म-प्रती निकृष्ट असत व त्यांपैकी अनेक नष्ट झाल्या. म्हणूनच 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक जॅक गूल्ड यांची मते हे इतिहासाचे एक साधन ठरते.

१२ जानेवारी १९५५ रोजी रॉड सर्लिंग यांचे 'पॅटर्न्स' सादर झाले. गूल्ड यांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा करून पुनःप्रयोगाचा आग्रह धरला. ९ फेब्रुवारीस ते पुन्हा सादर झाले.

विनोदी मालिकांची वाट निराळी होती. १९५१ मध्ये सुरू झालेली 'आय लव्ह लूसी' प्रेक्षकांसमोर, परंतु तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित होई. गूल्ड यांनी १९५२ मध्ये फिल्मविरुद्ध प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा कैवार घेतला. काळाचा कौल उलट पडला : 'पॅटर्न्स' सादर करणारे 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' १९५८ मध्ये बंद झाले, 'लूसी' आजही पाहावयास मिळते.

तथापि, जे टिकले तेच श्रेष्ठ, असे अनुमान सदोष होय. टिकणे हे बहुधा माध्यमाचे फळ असते, गुणाचे नव्हे. समीक्षकाचे मत हा अंतिम निर्णय नव्हे. परंतु लुप्त प्रयोगाची ती एक साक्ष आहे, आणि साक्षीप्रमाणेच ती पारखून घ्यावयास हवी.