पेशात आणि देराश : एका वचनाचे दोन अर्थ

तोरा, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पंचग्रंथ. त्यांतील दुर्बोध स्थळांचा अर्थ लावण्याच्या दोन रीती यहुदी परंपरेत रूढ झाल्या. शब्द, व्याकरण व पूर्वापर संदर्भ यांवरून निघणारा सरळ अर्थ तो ‘पेशात’; आणि वचनातील शब्दयोजनेचा सूक्ष्म विचार करून रब्बींनी काढलेला अर्थ तो ‘देराश’. या दोहोंत विरोध आल्यास प्रमाण कोणते मानावयाचे, हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता. नित्याचाराचा पायाच त्यावर अवलंबून होता.

‘निर्गम’ ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात डोळा फोडणाऱ्यास डोळ्याचाच दंड सांगितला आहे. तालमूदच्या ‘बाबा कम्मा’ या प्रकरणात मात्र तो दंड द्रव्यरूप ठरविला आहे. अपराधी स्वतःच अंध असेल तर काय करावयाचे, अशी शंकाही तेथे काढली आहे. येथे देराशाने वचनाची कठोरता दूर केली व न्यायाला व्यवहार्य रूप दिले.

उत्तर फ्रान्समधील राशी (१०४०–११०५) याने आपल्या भाष्यात दोन्ही रीतींचा समन्वय केला. त्याचा नातू शमुएल बेन मेईर ऊर्फ रश्बाम याच्या साक्षीप्रमाणे, सवड मिळाल्यास सरळ अर्थास धरून नवी भाष्ये लिहावी लागतील, असे राशीनेच मान्य केले होते. रश्बामने तो मार्ग निष्ठेने अनुसरला. धर्मनियमांच्या दृष्टीने रब्बींचा अर्थच मुख्य, हे त्यास मान्य होते. तथापि सरळ अर्थ सांगणे हे भाष्यकाराचे स्वतंत्र कार्य होय, अशी त्याची भूमिका होती.

या भूमिकेची कसोटी ‘उत्पत्ती’ ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात लागली. तेथे दिवसाच्या वर्णनात आधी संध्याकाळ व मग सकाळ येते. त्यावरून परंपरेने दिवसाचा आरंभ संध्याकाळी मानला, आणि शब्बाथही शुक्रवारी सूर्यास्तासमयी सुरू होतो. रश्बामच्या मते प्रकाश मावळला ती संध्याकाळ, रात्र सरली ती सकाळ, आणि तेव्हा पहिला दिवस पूर्ण झाला. म्हणजे दिवस सकाळपासून सकाळपर्यंतचा ठरतो.

अब्राहम इब्न एझ्रा हाही व्याकरणनिष्ठ भाष्यकार; हय्यूजचे अरबी व्याकरणग्रंथ त्याने हिब्रूत आणले. परंतु ११५८ मध्ये इंग्लंडात लिहिलेल्या ‘शब्बाथ-पत्रा’त त्याने याच मताचा कठोर निषेध केला व अशा भाष्याची नक्कल करणाऱ्यास शाप दिला. हे पत्र रश्बामलाच उद्देशून होते काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहे.

दोघांतील खरा भेद व्याकरणाचा नसून प्रामाण्याचा आहे. नियमपर वचनांत सरळ अर्थाने परंपरेच्या विरुद्ध जाता कामा नये, असे इब्न एझ्रा मानी. रश्बाम आचार परंपरेकडे सोपवून दोन्ही अर्थांस शेजारी शेजारी राहू देई. म्हणूनच सरळ अर्थाचा आग्रह म्हणजे परंपरेचा त्याग, हे समीकरण मध्ययुगीन यहुदी भाष्यांस लागू पडत नाही.