सामाजिक मूल्य (सार्वजनिक खरेदी)

स्थानिक शासनाला माल, सेवा किंवा बांधकाम पुरवणाऱ्या व्यवसायाकडून मूळ कामाखेरीज परिसराला मिळणारा आर्थिक, सामाजिक व पर्यावरणीय लाभ. ब्रिटनमधील इंग्लंड व वेल्समध्ये या संकल्पनेला २०१२ च्या सार्वजनिक सेवा (सामाजिक मूल्य) कायद्याने आधार दिला. तो ३१ जानेवारी २०१३ पासून अमलात आला. मोठ्या सेवा-कंत्राटाची प्रक्रिया सुरू करण्यापूर्वी त्यातून परिसराचे हित कसे साधता येईल, याचा विचार करणे सार्वजनिक संस्थांना बंधनकारक झाले.

अनेक नगरपरिषदा निविदा तपासताना किंमत व गुणवत्तेबरोबर सामाजिक मूल्यालाही गुण देतात. रस्तेदुरुस्तीचा कंत्राटदार स्थानिक तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊ शकतो. शालेय भोजनाचा पुरवठादार जवळच्या शेतांतून भाजी व दूध खरेदी करू शकतो. छोट्या उपकंत्राटदारांची बिले वेळेवर चुकती करणे, कामगारांना निर्वाहापुरते वेतन देणे आणि वाहनांचे प्रदूषण कमी करणे हेही यात मोडते. किती उमेदवार, किती आठवडे प्रशिक्षण, असे मोजता येणारे आश्वासन करारात नोंदवले, तरच त्याची पूर्तता तपासता येते.

लँकाशरमधील प्रेस्टन शहरात प्रमुख सार्वजनिक संस्थांनी आपली खरेदी जाणीवपूर्वक स्थानिक पुरवठादारांकडे वळवली. त्यांच्या खर्चातील शहरातील पुरवठादारांचा वाटा २०१२-१३ मधील सुमारे ५ टक्क्यांवरून २०१६-१७ पर्यंत सुमारे १८ टक्क्यांवर गेला.

क्लिष्ट अर्जांमुळे लहान उद्योग मागे पडण्याचा धोका असतो. त्यामुळे कंत्राटांचे लहान भाग पाडणे आणि कागदपत्रे सुटसुटीत ठेवणे आवश्यक ठरते.