देवळांतील घडीव लोहकाम व लोहाराचें नांव

महोत्सवाच्या स्मरणिकेंत दानशूरांचीं नांवें छापण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या हातांनीं देवळांतील वस्तु घडविल्या त्यांचीं नांवें शोधूं गेल्यास बहुधा निराशाच पदरीं येते. यंदा आपल्या देवळासाठीं घडीव लोखंडाचें नवें ग्रंथपीठ करून घ्यावें असा विचार निघाला, तेव्हां उत्सवमंडळांतील कांहीं सभासदांनीं विचारलें कीं, बाजारांत पितळेचें तयार ग्रंथपीठ मिळत असतां लोहाराच्या दारीं महिनोन्‌महिने खेटे घालण्याचें प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे; त्याचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस थोडें इतिहासांत शिरावें लागेल.

लोखंड दोन रीतींनीं आकारास येतें. ओतीव लोखंड वितळवून सांच्यांत ओततात. एका सांच्यांतून शंभर नग निघाले तरी पहिला कोणता व शंभरावा कोणता हें सांगतां येत नाहीं. तें भार सोसतें, आघात सोसत नाहीं, तडकतें. घडीव लोखंडाची गोष्ट निराळी. कांब भट्टींत घालून भात्यानें वारा देत गेलें म्हणजे ती प्रथम काळसर तांबडी, मग नारिंगी, मग पिवळी होते, आणि अखेर पांढरी पडूं लागून तिच्यांतून ठिणग्या उडतात. दोन कांबी एकजीव करावयाच्या तर हाच क्षण होय. तो हुकला तर सांधा तरी धरत नाहीं, नाहीं तर लोखंड तरी जळून जातें. लोहार हा क्षण रंगावरून ओळखतो, आणि रंग नीट दिसावा म्हणूनच भट्टीची जागा अंधारी ठेवतो. हा केवळ बळाचा धंदा आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं घण पडण्यापूर्वीं लोहाराचे डोळे पाहावेत.

इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाची राणी एलिनॉर इ. स. १२९० मध्यें निवर्तली. वेस्टमिन्स्टर येथील तिच्या समाधीसाठीं लेटन गांवच्या थॉमस नामक लोहारानें इ. स. १२९४ मध्यें एक जाळी घडविली. ही जाळी बाहेरच्या अंगास झुकलेली असून तिच्या माथ्यावर त्रिशूळासारखीं टोंकें आहेत. कोणी चढून आंत उतरूं नये हा हेतु उघड आहे. पण या पहारेकऱ्याच्या अंगावर पाहावें तों वेली, पानें आणि फुलें! लाखेवर मोहोर उठवावी त्याप्रमाणें तापलेलें लोखंड ठशांत दाबून तीं उठविलेलीं आहेत. इ. स. १८२२ मध्यें ही जाळी काढून टाकण्यांत आली आणि इ. स. १८४९ मध्यें पुन्हां स्वस्थानीं बसविण्यांत आली. या कामाबद्दल थॉमसला १३ पौंड मिळाले. त्याचें नांव आज आपणांस ठाऊक आहे तें कोणीं शिळेवर कोरलें म्हणून नव्हे. हिशेबनिसानें पैसे चुकते केल्याची नोंद ठेवली म्हणून.

पारिस येथील नोत्र-दाम महामंदिराच्या दारांवरील बिजागऱ्या याहून प्रसिद्ध आहेत. दाराचें लांकूड झांकून टाकतील अशा त्यांच्या लोखंडी वेली पसरल्या आहेत. तेथील दंतकथा अशी: बिस्कोर्ने नांवाच्या लोहारास हें काम सांगण्यांत आलें, परंतु तें आपल्या हातून होणार नाहीं असें वाटून त्यानें सैतानास पाचारण केलें. सकाळीं लोक येऊन पाहतात तों लोहार निपचित पडलेला आणि काम पूर्ण! पुढें दारें बसविलीं, पण पवित्र जल शिंपडीपर्यंत तीं उघडेनात. कथा मनोरंजक आहे, परंतु आम्हांस तिचा रागच येतो. काम इतकें सुंदर कीं तें माणसाचें असणें लोकांस खरें वाटेना; म्हणून बिचाऱ्याची मजुरी सैतानाच्या खात्यांत जमा झाली.

स्पेन देशांत मात्र लोहाराचा मान मोठा. ग्रानादा येथें राणी इसाबेल व राजा फेर्नांदो यांच्या समाधिमंदिरांत एक प्रचंड लोखंडी जाळी आहे. अशा जाळीस तेथें 'रेहा' म्हणतात. इ. स. १५२० च्या सुमारास ती पुरी झाली. भाविकांस वेदी दिसावी, परंतु पुढें जातां येऊं नये, एवढेंच तिचें काम. तिच्या माथ्यावर प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग पत्र्यांतून ठोकून उठविलेले आहेत, आणि त्या मूर्ति रंगविलेल्या व सोनेरी मुलाम्याच्या आहेत. मधोमध राजचिन्हें झळकतात. आणि कुलुपाजवळ कारागीर आपल्याविषयीं लिहून जातो कीं, मला उस्ताद बार्तोलोमेनें केलें. राजाच्या ढालीखालीं लोहाराची सही! संत तेरेजेच्या आविला नगरींतील महामंदिरांतही घडीव लोखंडाचीं दोन सोनेरी प्रवचनपीठें आहेत. एक गॉथिक वळणाचें, दुसरें त्यापुढच्या काळचें. एकाच देवळांत, एकाच कामासाठीं, आणि तरी जुळीं नव्हेत.

आपल्या जवळचें उदाहरण गोव्याचें. तेथें लोखंड नव्हे, चांदी. परंतु हातोडी तीच. बों जेझूस देवळांतील संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी गोव्याच्या रुपेकारांनीं इ. स. १६३७ मध्यें पुरी केली. संताच्या जीवनांतील प्रसंग तिच्या पत्र्यांवर ठोकून काढलेले आहेत. ती करविणारा नापोलीचा येशूसंघी फादर मार्चेल्लो मास्त्रिल्ली. डोक्यावर हातोडा पडून हा मरणोन्मुख झाला होता, आणि संताच्या कृपेनें वांचला अशी त्याची श्रद्धा होती. पेटी पुरी झाली त्याच वर्षीं जपानांत नागासाकी येथें त्यास रक्तसाक्षीचें मरण आलें. करविणाऱ्याचें नांव ग्रंथोग्रंथीं आहे. यात्रेकरू हात जोडतात ते मात्र रुपेकाराच्या हातोडीच्या खुणांपुढें.

कोणी म्हणेल, मग ओतीव धातु त्याज्य काय? मुळींच नाहीं. ता. १५ एप्रिल २०१९ रोजीं नोत्र-दामला आग लागून शिखर कोसळलें आणि त्याखालीं वेदीचा चुराडा झाला. तेथें नवी वेदी, ग्रंथपीठ, धर्मासन इत्यादि सामान गियोम बार्दे यानें ब्राँझचें ओतवून दिलें; ता. ८ डिसेंबर २०२४ रोजीं त्या वेदीचें अभिषेचन झालें. तें त्या देवळासाठींच योजलेलें होतें. आमचा कटाक्ष ओतण्यावर नाहीं. ज्या वस्तूस आपलें देऊळ ठाऊक नाहीं तिच्यावर आहे.

आतां आपल्या ग्रंथपीठाविषयीं. तयार मिळणाऱ्या पितळी पीठांवर गहूं व द्राक्षांचे घड असतात. आपल्या वाडींत द्राक्षें पिकत नाहींत. म्हणून खांबास भाताच्या लोंब्या आणि पायथ्यास केळीचीं पानें, असा नमुना मंडळानें वादावादीअंतीं मान्य केला. उंची वाचकांच्या मापानें घेतली आहे. दात्यांचीं नांवें भिंतींतील शिळेवर येतील. लोखंडाचें वजन, मजुरी व कारागिराचें पूर्ण नांव देवळाच्या हिशेबवहींत लिहावें, आणि ग्रंथ ठेवण्याच्या फळीखालीं त्याच्या नांवाचा ठसा मारावा, हीं दोन कलमें करारपत्रांत आम्हीं स्वतः घातलीं. लोहार संकोचून म्हणाला, "एवढें कशाला, फादर?" परंतु सही त्यानें केली, आणि इसार देऊन झाला आहे.